गाव ‘महानगरात’ आलं, म्हणून शेत शहरी झालं का?

प्रश्न: आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला आहे. कारभार ग्रामपंचायतीचाच आहे, पण गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतं. आईच्या नावावरची सव्वा एकर जिरायत जमीन विकायची आहे. एजंट म्हणतो, ‘गाव महानगरात गेलं, शेतजमिनीची करमाफी संपली. अर्धे पैसे रोख घ्या, नाहीतर आधी एनए (बिगरशेती) करून घ्या, भाव वाढेल.’ मी जुन्या जकात नाक्यापासून आमच्या बांधापर्यंत मोटारसायकलवर मोजलं, साडेनऊ किलोमीटर भरलं. आपण करमाफीच्या आठ किलोमीटरच्या मर्यादेबाहेर आहोत ना?

उत्तर: एजंटाचं चुकतंय. मोजणीत तुमचंही चुकलंय.

आधी एजंटाचं बघू. राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने ‘महानगर क्षेत्रा’ची व्याख्या आली. दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या, एक किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेला, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती किंवा लगतचे इतर भाग मिळून झालेला आणि राज्यपालांनी अधिसूचनेने ठरवलेला प्रदेश म्हणजे महानगर क्षेत्र. ‘पंचायती’ हा शब्द त्या व्याख्येतच आहे. म्हणजे महानगर क्षेत्रात आल्याने ग्रामपंचायत बरखास्त होत नाही की तुमचं गाव महापालिकेत जात नाही. मुंबई महानगर प्रदेशात तर आज अलिबाग तालुकाही आहे. म्हणून तिथली भातखाचरं काही शहर झाली नाहीत. पीएमआरडीएची हद्द नियोजनासाठी आखलेली आहे: विकास आराखडा कोण करणार, बांधकामाची परवानगी कोण देणार, एवढ्यापुरती. उद्या शेतात घर बांधायचं झालं तर ती हद्द तुम्हाला नक्की आडवी येईल. जमीन विकल्यावर कर लागतो की नाही, हे मात्र ती ठरवत नाही.

(फौजदारी कायद्यातही एक वेगळं ‘महानगर क्षेत्र’ होतं. त्यावरूनच महानगर दंडाधिकारी असायचे. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते उरलं नाही. शब्द तोच, पण प्रत्येक कायद्याची रेघ निराळी.)

प्राप्तिकर कायदा बघतो ती हद्द नगरपालिकेची, महापालिकेची किंवा कटक मंडळाची (कॅन्टोन्मेंट बोर्डाची). त्या हद्दीतली लोकसंख्या दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन ‘शहरी’ धरली जाते. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ६, आणि दहा लाखांच्या वर ८ किलोमीटर. लोकसंख्या प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची धरतात. या अंतराच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानलीच जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही.

आता तुमचा जकात नाका. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत. २०१३ च्या वित्त कायद्याने ते हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजायचं ठरलं. ओढ्याला वळसा घालून जाणारा तुमचा रस्ता साडेनऊ भरला, तर सरळ रेषेत तेच अंतर साडेसातही भरू शकेल. दुसरं, जकात गेली, नाका गेला आणि हद्दही सरकली. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तुम्ही पूर्वेला आहात, तेव्हा महापालिकेची आजची सर्वांत जवळची हद्द आणि या नगरपरिषदेची हद्द अशा दोन्हींपासूनचं अंतर काढावं लागेल. दोन्हीकडे किलोमीटरची मर्यादा सारखी नाही, हेही ध्यानात ठेवा. कुठल्याही एका हद्दीच्या मर्यादेत सापडलात तरी जमीन शहरी.

या अंतराच्या दाखल्यासाठी गावनकाशा, गट नकाशा आणि हद्दीच्या अधिसूचना जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा, प्रत भूमी अभिलेख कार्यालयाला द्या. दाखल्यात ‘सरळ रेषेतील अंतर’ हे शब्द आणि कोणत्या हद्दीपासून मोजलं हे स्पष्ट यायला हवं. नुसतं ‘अंदाजे ९ कि.मी.’ लिहिलेला तलाठ्याचा कागद मी ग्राह्य धरणार नाही, कर अधिकारी तर मुळीच धरणार नाही. सोबत गेल्या काही वर्षांचे सातबारे काढून ठेवा. पीकपाहणीत ज्वारी असो वा कांदा, पीक दिसलं पाहिजे. पडीक नोंद असेल तर आधी मला कळवा.

एनए मात्र विक्रीपूर्वी अजिबात करू नका. जमीन शेतजमीन आहे म्हणून तर ही सवलत मिळते. तुम्हीच ती बिगरशेती करून घेतली, तर मग अंतर कितीही असो, सवलतीवर बोलायला जागा राहत नाही.

समजा मर्यादेच्या आत निघालात, तरी घाबरून रोखीत शिरायचं कारण नाही. आईने किंवा तिच्या आईवडिलांनी ही जमीन विक्रीआधीची दोन वर्षं कसली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढ्या नफ्यावर सूट मिळते. उलट, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणारी तुमची आई असेल, एजंट नव्हे. शिवाय जमीन शहरी ठरली तर दस्तात किंमत कमी दाखवून फारसा उपयोग नाही, कारण कर मोजताना मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य पाहिलं जातं.

दाखला हातात येईपर्यंत विसार घेऊ नका. विसारपावतीचा मसुदा एजंटाने दिला असेल तर त्यावर आईचा अंगठा किंवा सही होण्याआधी तो मला पाठवा.