चिंबोरीची लाख आणि पोटाखालचा गुच्छ

प्रश्न : चिंबोरीच्या (खाडीतल्या मोठ्या खेकड्याच्या) पोटातली केशरी लाख म्हणजे तिची अंडीच ना? मग काही माद्यांच्या पोटाखाली काळपट दाण्यांचा गुच्छ असतो, तो कसला?

उत्तर : लाख म्हणजे अंडाशय. त्यातली अंडी अजून फळलेली नसतात. कच्ची लाख फिकट असते, पिकत जाते तशी पिवळी आणि मग गडद केशरी होते.

चिंबोरीचं मीलन होतं ते मादीने कवच टाकल्यावर, अंग मऊ असताना. नर आधीच दोन-चार दिवस तिला पोटाखाली धरून फिरतो, नंतरही कवच घट्ट होईपर्यंत राखण करतो. मिळालेलं वीर्य मादी कित्येक महिने साठवते, त्यामुळे एका मीलनावर दोन-तीन वेळाही अंडी घालू शकते.

अंडी बाहेर पडताना फळतात आणि पोटाखालच्या रुंद, गोलसर पट्टीच्या आतल्या केसांना चिकटतात (नराची पट्टी निमुळती, त्रिकोणी). तुम्ही पाहिलेला गुच्छ हाच. एकेक अंडं जेमतेम 0.3 मिमी, पण एका खेपेला दहा लाखांहून जास्त. गुच्छ आधी केशरी, मग तपकिरी. काळा झाला की समजावं, पिल्लांचे डोळे तयार झाले, फुटायला दिवस-दोन दिवस उरले. कोमट पाण्यात हे सगळं दहा-बारा दिवसांत उरकतं.

खाडीत वाढलेली मादी अंडी फोडायला मात्र समुद्रात जाते, कारण पिल्लांना खारं पाणीच लागतं. गोड्या पाण्याचा लोंढा आला की ती मरतात. पाच अवस्था, साधारण तीन आठवडे तरंगत काढल्यावर ती पुन्हा खाडीकडे वळतात. लाखो पिल्लांतली फारच थोडी तिथवर पोचतात. म्हणून बाहेर गुच्छ असलेली मादी जाळ्यात आली तर तिथल्या तिथे सोडावी. तसंही तिची लाख गुच्छात गेलेली असते. खाणाऱ्याच्या हाती काय लागणार?

प्रश्न : शिंगाळा या समुद्रातल्या मिशाळ माशाच्या तोंडात गोट्यांएवढ्या गोळ्या निघाल्या. त्याने दुसऱ्याची अंडी खाल्ली होती का?

उत्तर : नाही, तो बाप होता. मादीने घातलेली अंडी शिंगाळ्याचा नर तोंडात घेऊन उबवतो, आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. अंडी मोठी म्हणून मोजकीच, शंभराच्या आसपास. पर्ससीन जाळ्यात (थव्याला चहूबाजूंनी घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यात) अशा नरांचा अख्खा थवा सापडला, की धडपडीत अंडी तोंडातून सांडतात आणि पुढची पिढी तिथेच संपते.