पेटी वाजते, पण गळा उघडत नाही

"ताई, मी देवापुढे ढोंग करतेय का?" काकूंनी खुर्चीत बसता बसता विचारलं.

काकू साताऱ्याच्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चर्चच्या मंडळीत 22 वर्षं पेटी वाजवतात. सात महिन्यांपूर्वी काका गेले. तेव्हापासून रविवारी बोटं पट्ट्यांवर फिरतात, भाता हलतो, पण स्तुतीचं गीत सुरू झालं की घसा दाटतो. उपासनेला येणाऱ्या बायका म्हणतात, "विश्वास धरा, गा, बरं वाटेल." तसं वाटलं नाही की काकू स्वतःलाच दोष देतात.

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ जण घेऊन येतात. आधी मी झोप, जेवण, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार याबद्दल विचारलं. तसे विचार नव्हते, झोप मात्र तुटक होती. मग म्हटलं, "काकू, चार रविवार पेटी भाच्याकडे द्या. तुम्ही बाकावर बसा. गाऊ नका. बाकीचे गातील, ते तुमच्याही वतीनं."

त्या दचकल्या. "न गाता कसली उपासना?"

पवित्र शास्त्रातली 150 स्तोत्रं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. तरी 137 वं उघडायला लावलं. बाबेलच्या नदीकाठी बंदिवान बसलेत, वीणा झाडांना टांगल्यात, आणि परक्या देशात परमेश्वराचं गीत गायचं कसं म्हणून विचारतायत. न गाता आल्याचं दुःख तिथं स्वतःच गीत झालंय. काकू बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून होत्या.

घरी वाचायला मी 88 वं दिलं. 13 वं मुद्दाम मागे ठेवलं. त्यात "कुठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो खरा, पण सहाव्या, शेवटच्या वचनात स्तुती येते. कच्च्या दुःखाला ती घाई सोसत नाही, असं माझं मत. 88 वं अंधारातच संपतं. पुढच्या भेटीत काकू म्हणाल्या, "हे शास्त्रात ठेवलंय म्हणजे देवाला हेही ऐकायचं असणार." त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

कवी ना. वा. टिळकांचा विषय त्यांनीच काढला. ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांनी अभंग सोडला नाही. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून ते साताऱ्यात आले आणि इथंच 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. काकूंच्या सासूबाई जात्यावर त्यांची भजनं म्हणायच्या. "त्यांचा आवाज दळता दळता निघायचा, ताई. चर्चमध्ये त्या कधी मोठ्यानं गायल्या नाहीत." मग मीही तेच सुचवलं. स्वयंपाक करताना नुसतं गुणगुणायचं, शब्द नकोत. गुणगुणताना श्वास हळू, लांब सुटतो, आवळलेला घसा सैलावतो.

पाचव्या रविवारी त्या पेटीवर परतल्या नाहीत. मला त्याचं समाधान वाटलं. आणखी महिन्याभरानं वही घेऊन आल्या. 13 वं स्तोत्र त्यांनी आपणहून शोधलं होतं. पहिली दोन वचनं अभंगाच्या चालीत बसवली होती, पुढची पानं कोरी.

"पाळकसाहेबांना विचारलंय," त्या म्हणाल्या, "एवढंच म्हटलं तर चालेल का? बाकीचं जमेल तेव्हा."

आणि माझ्यासमोर, बसक्या आवाजात, त्यांनी "कुठवर" धरलं.