घरातील वीजवापर स्वतः जोडलेल्या उपकरणाने कसा मोजावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, घरात चार माणसे आहेत, नवीन काही घेतलेले नसताना गेल्या काही महिन्यांपासून वापर ३०० युनिटांच्या पुढे जातो आहे, तेव्हा सुटे भाग आणून घरच्या घरी काही जोडता येईल का, आणि त्यासाठी प्रत्येक उपकरणाला वेगळा सेन्सर लावावा लागेल का.

जोडता येते, आणि प्रत्येक उपकरणाला सेन्सर लावण्याची गरज नाही. मी अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल तयार करणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षे वायरिंग आणि टेस्टिंगचे काम केले असून, पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाऊसमध्ये गेली चार वर्षे असे मोजमाप चालू ठेवले आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की, सुरुवात संपूर्ण घराच्या एकाच आकड्यापासून करावी आणि त्यातही सगळे झोपलेले असताना, रात्री दोन-तीनच्या सुमारास, घर किती वॅट ओढते हे सर्वांत आधी पाहावे. दिवसा चालणारी उपकरणे डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा आपला अंदाज फारसा चुकत नाही. चोवीस तास गुपचूप चालू राहणाऱ्या भाराबद्दल मात्र बहुतेकांना काहीच कल्पना नसते. शंभर वॅटचा भार सतत चालू राहिला, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे असल्यामुळे आपण वाचवलेली युनिटे नेहमी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतात.

काहीही विकत आणण्यापूर्वी एक मोजमाप आजच करून पाहावे. आपल्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो याचा आकडा छापलेला असतो. अनेक सिंगल फेज मीटरवर हा आकडा ३२०० असतो, परंतु आपल्या मीटरवर जो असेल तोच धरावा. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणून ३२०० च्या मीटरवर प्रत्येक लुकलुकीला ११२५ जूल वीज खर्च होते, आणि ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणाचा भार वॅटमध्ये मिळतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींचा वेळ घ्यावा. समजा ६० सेकंद लागले, तर एका लुकलुकीला सहा सेकंद, म्हणजे १८७.५ वॅट, हाच भार महिनाभर राहिला तर १३५ युनिट होतात. काही मीटरवर अर्थिंगकडे प्रवाह जात असल्याचे दाखवणारा वेगळा दिवा असतो, तो यासाठी मोजायचा नाही. यानंतर घरात जाऊन पंखे आणि फ्रिज बंद करावेत आणि पुन्हा दहा लुकलुकी मोजाव्यात. जो भार शिल्लक राहील, तोच आपल्याला शोधायचा आहे.

आमच्या घरी हा शिल्लक भार १७० वॅट निघाला. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून वीस-पंचवीस वॅटच्या वर जात नव्हते, बटण चालू ठेवलेली बाकीची उपकरणे किरकोळ होती, तरीही हिशेब लागेना. शेवटी जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा प्लग काढल्याबरोबर आकडा ६० वर आला. बॅटरी सहा वर्षांची होती. ती पूर्ण चार्ज झाल्याच्या स्थितीला पोहोचतच नव्हती, त्यामुळे चार्जर रात्रंदिवस ११० वॅट तिच्यात ओतत होता आणि त्याची बरीचशी उष्णता होत होती. हात लावला तर बॅटरीची बाजू कोमट लागत होती, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर वारंवार भरावे लागते याची तक्रार सौभाग्यवती कित्येक महिन्यांपासून करत होती. ती लक्षणे एकाच दुखण्याची आहेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ११० वॅट म्हणजे महिन्याला सुमारे ७९ युनिट. आपल्याकडे इन्व्हर्टर असेल आणि बॅटरी जुनी असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता कायमस्वरूपी नोंद ठेवणाऱ्या उपकरणाकडे येतो. दोन मार्ग आहेत. पहिला, मीटरच्या त्याच लाल दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा सेन्सर ठेवून लुकलुकी मोजणे. हा मार्ग सर्वांत अचूक, कारण बिल ज्या मीटरवर येते त्याच मीटरचा आकडा आपल्याला मिळतो, आणि विजेच्या तारेला हातही लावावा लागत नाही. तरीही आपल्याला मी तो सुचवणार नाही. फ्लॅटचे मीटर बहुधा तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात, तिथे घरचे वाय-फाय पोहोचत नाही, आणि मीटरला किंवा त्याच्या पेटीला काहीतरी चिकटवलेले दिसले तर वीजचोरी तपासणाऱ्या भरारी पथकाला शंका येणे अगदी रास्त आहे. विद्युत अधिनियम २००३ मधील कलम १३५ आणि १३८ मीटरशी केलेल्या छेडछाडीलाही लागू होतात. सीलला तर कोणत्याही कारणाने हात लावू नये.

दुसरा मार्ग म्हणजे घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीत, मेन एमसीबीनंतरच्या (संपूर्ण घराचा मुख्य स्विच) फेजच्या तारेभोवती सीटी, म्हणजे तारेतला प्रवाह बाहेरून मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर बसवणे. यासाठी पीझेम-००४टी नावाचे मॉड्यूल आणि ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड पुरेसा आहे. पीझेम हे मॉड्यूल व्होल्टेज, प्रवाह, वॅट, युनिट, फ्रिक्वेन्सी आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष वॅट म्हणून खर्च होणारा हिस्सा) असे सहाही आकडे स्वतःच काढून देते. बोर्डाने ते फक्त वाचून पुढे पाठवायचे. १०० अँपिअरच्या सीटीसह ते २० मिलिअँपिअरपासून प्रवाह धरते, म्हणजे अगदी बारीक भार निसटतो, पण घरासाठी तेवढे चालते. बोर्डावर ईएसपीहोम किंवा तास्मोटा हे तयार सॉफ्टवेअर भरले, तर प्रोग्राम लिहिण्याचे काम जवळपास उरत नाही, आणि जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट हे आकडे साठवणारे सॉफ्टवेअर बसवले की आलेख आपोआप तयार होतात. हे सामान मी काही महात्मा गांधी रस्त्यावरून आणि काही ऑनलाइन मागवले. पेटीसह सगळे दोन हजारांच्या आत भागले.

एससीटी-०१३ हा चिमट्यासारखा उघडणारा सीटी थेट ईएसपी३२ च्या पिनला जोडण्याची कृती आपल्याला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. माझी सुरुवातही तशीच, केवळ प्रवाह मोजण्यापासून झाली होती, आणि त्यात मी दोन महिने चुकीचे आकडे खरे मानत राहिलो. मी अँपिअरला २३० ने गुणून वॅट काढत होतो. आमचा जुना फ्रिज १.१ अँपिअर घ्यायचा, म्हणून माझ्या हिशेबाने तो २५३ वॅटचा ठरला. प्रत्यक्षात तो १४० वॅटच्या आसपास होता, कारण त्याचा पॉवर फॅक्टर ०.५५ होता आणि घरगुती बिल वॅटवर, म्हणजे प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांवर येते. कारखान्यात रोज पॉवर फॅक्टर मोजणाऱ्या माणसाकडून ही चूक घरी व्हावी, याचे मला आजही वाईट वाटते. व्होल्टेजही २३० वर स्थिर बसत नाही. संध्याकाळी ते २१५ वर आले, तर १००० वॅटची इस्त्री ८७४ वॅटच घेते, कारण तिथे शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी मोजणारे मॉड्यूलच घ्यावे.

सीटी बसवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून एकत्र नेणे. दोन्हींतले प्रवाह एकमेकांच्या उलट असल्याने त्यांचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना रद्द करते आणि गिझर चालू असतानाही आकडा शून्य दिसतो. सीटीतून फक्त फेजची एक तार जायला हवी. चिमट्याचे दोन्ही गाभे एकमेकांवर घट्ट बसले पाहिजेत. मध्ये धूळ किंवा तारेच्या आवरणाचा तुकडा अडकला तरी वाचन कमी येते.

सुरक्षिततेबद्दल मला स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण व्हिडिओ पाहून हे काम करणारी मुले मी पाहिली आहेत. मेन एमसीबी खाली केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर मीटरकडून आलेली फेज जिवंतच असते. ती घरातून बंद करता येत नाही. त्यामुळे डीबीचे झाकण परवानाधारक वायरमनकडूनच उघडून घ्यावे. त्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि बोर्ड, पेटी, सॉफ्टवेअर हे सगळे आपण आधी तयार ठेवू शकता. पीझेमला व्होल्टेजसाठी लागणारी फेज वेगळ्या लहान एमसीबीतून किंवा फ्यूजमधून घ्यावी, मॉड्यूल बंद प्लास्टिक पेटीत ठेवावे आणि २३० व्होल्टचा कोणताही भाग उघडा राहू देऊ नये. प्रवाह वाहत असलेल्या तारेवर सीटी असताना त्याच्या सेकंडरीच्या, म्हणजे सीटीतून बाहेर येणाऱ्या, तारा कधीही उघड्या सोडू नयेत. मोठ्या सीटीत अशा वेळी जीवघेणे व्होल्टेज तयार होते, आणि लहान सीटी खराब होऊ शकतो. आधी सेकंडरी मॉड्यूलला जोडावी, मगच चिमटा तारेवर मिटावा. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग नुसते खोचून जोडायच्या प्रयोगपट्टीवर, घरच्या विजेची तार आणू नये, प्रयोगापुरतीसुद्धा नाही.

उपकरण चालू झाले की पहिला आठवडा फक्त ते बरोबर मोजते का हे तपासण्यात घालवावा. एखाद्या सकाळी मीटरचे रीडिंग लिहून ठेवावे, सात दिवसांनी त्याच वेळी पुन्हा घ्यावे आणि दोहोंतील फरक आपल्या उपकरणाच्या युनिटांशी ताडून पाहावा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मीटरने ५२ युनिट दाखवले तेव्हा पीझेमने ५१.१ दाखवले होते. एवढा फरक मला चालण्यासारखा वाटतो. फरक बराच जास्त असेल, तर सीटी नीट मिटलेला नाही किंवा एखादी फेज सीटीच्या आधीच फुटून दुसरीकडे गेली आहे, असे समजावे.

आलेख वाचायला थोडा सराव लागतो, पण प्रत्येक उपकरणाची चाल ओळखता येऊ लागते, आणि म्हणूनच वेगवेगळे सेन्सर लागत नाहीत. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना एक उंच टोक येते आणि मग तो ठराविक पातळीवर काही मिनिटे राहून खाली उतरतो. गिझरची रेघ सरळ दोन हजार वॅटवर चढते आणि तितकीच सरळ उतरते. नाशिकच्या जानेवारीत टाकीतले पाणी १८ अंशांवर असेल, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.७३ युनिट आणि २००० वॅटच्या गिझरला २२ मिनिटे लागतात. बटण सकाळपासून चालूच राहिले, तर त्याच रेघेच्या लहान आवृत्त्या दिवसभर मधूनमधून दिसतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या आलेखात रात्रभर दर अकरा मिनिटांनी ५५० वॅटचा, बारा सेकंदांचा एक दात दिसू लागला. तो प्रेशर पंप होता. सगळे नळ बंद होते. वरच्या मजल्यावरच्या फ्लश टँकचा वॉशर झिजून पाणी झिरपत होते, आणि नळीतला दाब कमी झाला की पंप सुरू होत होता. विजेचे नुकसान महिन्याला सात युनिटांचे, म्हणजे किरकोळ होते, पण गंगापूर धरणातून शहरात आलेले पाणी रात्रंदिवस वाया जात होते आणि ते कानाला ऐकूही येत नव्हते.

आपल्या घरी सोसायटीचा पंप वेगळ्या मीटरवर असेल, म्हणून तो प्रश्न बहुधा येणार नाही. आपण आधी मीटरवर छापलेला आकडा, रात्री दहा लुकलुकींना लागलेले सेकंद आणि पंखे-फ्रिज बंद केल्यावर लागलेले सेकंद असे तीन आकडे इथे लिहावेत. शिल्लक भार ५०-६० वॅटच्या आत असेल, तर वाढ दिवसाच्या वापरात आहे आणि पीझेम बसवण्याचा खर्च करावा. तो शंभराच्या वर असेल, तर एकेक प्लग काढत गेल्यास कारण त्याच रात्री सापडेल आणि कदाचित काहीच विकत घ्यावे लागणार नाही.