एक्स्पायर झालेलं डोमेन (मुदत संपून सुटलेला वेबसाइटचा पत्ता) मिळतंय, डीए (डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे साइट सर्चमध्ये किती वर येईल याचा अंदाज) ३५ दाखवतंय, घेऊ का?

नुसत्या डीएवर घेऊ नका, तो मॉझ कंपनीचा आकडा आहे, गूगल रँकिंगला तो वापरतच नाही. आधी वेबॅक मशीनवर (वेबसाइटींची जुनी पानं साठवणारी साइट) त्या डोमेनची जुनी पानं वर्षावर्षाने उघडून बघा, मधेच जुगार नाहीतर औषधांच्या जाहिराती दिसल्या की सरळ सोडून द्यायचं, मग बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून त्या डोमेनकडे येणाऱ्या लिंका) कुठून आल्यात ते बघा (हजार फालतू लिंकांपेक्षा एका जुन्या वर्तमानपत्राची बरी). मार्च २०२४ पासून जुन्या डोमेनच्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवणं गूगल स्पॅममध्ये धरतं, म्हणून विषय तोच ठेवणार असाल तरच पैसे घाला. फक्त मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसाने तपासून दिलेली शिक्षा) लागलीय का ते डोमेन घेऊन सर्च कन्सोलमध्ये (साइट मालकांसाठीचं गूगलचं साधन) मालकी व्हेरिफाय केल्यावरच कळतं, त्याआधी नाही.