नव्या घरात केएनएक्स बसवायचं असेल, तर स्लॅब टाकण्याआधी काय ठरवावं?

दारव्ह्याकडे घर बांधताय आणि स्लॅब अजून पडायचा आहे, म्हणजे वेळेवर विचारलंत. उपकरणं सावकाश घ्या, पण पाइप आत्ताच टाका.

केएनएक्स म्हणजे घरातले दिवे-पंखे एका सिग्नल केबलवरून चालवायची ऑटोमेशन पद्धत. साध्या वायरिंगपेक्षा मुख्य फरक असा की प्रत्येक दिव्या-पंख्याची वायर स्विचला न जाता थेट डीबीत (एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डात) येते, कारण दिवे-पंखे चालू-बंद करणारं रिले मॉड्यूल तिथे बसतं. त्यामुळे डीबी नेहमीपेक्षा बराच मोठा घ्या. स्विचच्या डब्यापर्यंत फक्त हिरवी बस केबल (सिग्नलची वायर) जाते, तिच्यात साधारण ३० व्होल्ट डीसी असतो. तिला वेगळा पाइप द्या. वायरमन म्हणेल, "एकाच पाइपात बसते ना भाऊ!" ऐकू नका. शिवाय डब्यापर्यंत साध्या वायरिंगचाही एक रिकामा पाइप ठेवा, उद्या बेत बदलला तर भिंत फोडायला नको.

केबलला फांद्या कशाही काढा, फक्त रिंग करू नका. एका लाइनवर एकूण १००० मीटर आणि पॉवर सप्लायपासून उपकरण ३५० मीटरच्या आत, एवढी मर्यादा घराला भरपूर होते. गोठ्यापर्यंत न्यायची असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्शन लावाच. आपल्याकडच्या मृगातल्या विजा माहीत आहेतच. बोअरची मोटर रिलेवर थेट नको, स्टार्टरच्या कॉइलमार्फत चालवा.

बसचा पॉवर सप्लाय इन्व्हर्टरवर घ्या. नेट गेलं तरी स्विच चालतात. लाइट गेली आणि बस बंद पडली, तर चालत नाहीत.

आणि शेवटचे पैसे देण्याआधी ईटीएसची (केएनएक्स सेट करायच्या सॉफ्टवेअरची) प्रोजेक्ट फाइल मागून घ्या. ती नसेल तर पुढे साधा एक स्विच बदलायलाही तोच माणूस नागपूरहून बोलवावा लागतो.