पहिली सेंटेड कँडल घेतलीस? मग एवढं ऐक

भावा, पहिल्यांदा पेटवशील तेव्हा हाताशी 2-3 तास असू देत. वरचं मेण बरणीच्या कडेपर्यंत वितळल्याशिवाय विझवू नकोस. घाई केलीस की मधोमध खड्डा पडतो, पुढच्या वेळीही वात त्याच खड्ड्यात उतरत जाते आणि कडेचं मेण, म्हणजे तुझे पैसे, तसंच राहतं. सलग 4 तासांच्या पुढे मात्र नको.

वात दर वेळी 6 मिलिमीटरवर कापायची, नेलकटरनं जमतं. लांब वातीची ज्योत नाचते, काजळी धरते. राजारामपुरीतल्या घरात मी हा आळस केला. काच काळी झालीच, वर भिंतीवर बोटभर डाग उठला. आई अजून ऐकवते.

आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईट गेली की पंख्याचं बटण आठवणीनं बंद कर. लाईट येते, पंखा गरगरतो, ज्योत पडद्याकडं झुकते. लावून रंकाळ्यावर फिरायला जायचं तर नावच काढू नकोस.

वॅक्स मेल्ट, म्हणजे बिनवातीची सुगंधी मेणाची वडी, बर्नरच्या वाटीत वितळवतोस, तर त्या बर्नरखाली साधी, बिनवासाची टीलाइट, म्हणजे छोटी बुटकी मेणबत्ती, लाव. मेण आटत नाही, फक्त वास उडतो. वास संपला की कोमट मेण कापसानं टिपून कचऱ्यात टाक. सिंकमध्ये ओतलंस तर पाइप तुंबलाच.

मेण पेटलं तर पाणी अजिबात नाही, भडका उडतो. झाकण ठेवायचं, म्हणून झाकण जवळच असू दे. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की ती बरणी बंद. काच तापून तडकते.