नदीचं पाणी शेवाळाने हिरवं झालं असेल तर हौसेखातर गळ टाकावा का? चारा कोणता लावावा?

गळ टाका, मासा घरी आणू नका. खरं तर एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "पहाटे मासे आपोआप वर येतात, तेव्हा सोपं जातं असं मित्र म्हणतो", आणि ते वाचून माझं डोकं फिरलं. तुमच्या त्या मित्रासारखाच एक माणूस माझ्या नात्यात आहे. सख्खा मेव्हणा.

मी सोलापूरचा. यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग नीट चालू ठेवणारा, आता घरीच असतो. गळ मला वडिलांनी शिकवला. त्यांची गिरणी बंद पडली आणि हातात वेळच वेळ आला, तेव्हा ते मला सायकलवर पुढे बसवून कधी हिप्परग्याला, कधी सीना नदीवर न्यायचे. (हिप्परगा म्हणजे एकरूखचा तलाव. इंग्रजांनी १८७१ साली आदिला नदीवर मातीचा बांध घालून केलेला.) वडील गेल्या गेल्या गळ सोडत नसत. आधी काठावर उकिडवं बसून पाण्याचा वास घ्यायचे, बिडी ओढायचे, मग ठरवायचे इथे बसायचं की पुढे जायचं. कित्येकदा गळ न भिजवता परत आलोय. आईला उत्तर ठरलेलं, "आज पाणी बरं नव्हतं."

आता मेव्हण्याची गोष्ट. चार वर्षं झाली असतील. एप्रिलचा महिना, सासुरवाडीला पाहुणे आलेले, आणि याने मला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलं, "उद्या दाजी मासे आणणार." दाजी काय मच्छी मार्केट आहेत का? पण भरल्या घरात नाही कसं म्हणायचं. पहाटे साडेचारला दोन गाड्या काढल्या, विजापूर रोडने वडकबाळच्या बाजूला गेलो आणि सीनेवर एका बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी तुंबून राहतं, तिथे उतरलो.

उजाडायच्या आधीच वास आला. ओलं गवत पोत्यात कोंडून आठवडा ठेवलं की येतो ना, तसा. थोडं फटफटलं तेव्हा पाणी दिसलं. डाय हाऊसच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, टाकीतला पोपटी रंग कुणी नदीत ओतावा तसं. आमच्या काठाला वाऱ्याने ढकललेली साय जमली होती, बोटभर जाड. समोरच्या काठावर एक धनगर मेंढरं घेऊन आला होता. वारा त्याच्या बाजूने आमच्याकडे वाहत होता, म्हणून तिथलं पाणी बऱ्यापैकी मोकळं होतं. मेंढरं तिथेच पाजली आणि वळवून घेऊन गेला. दोन-चार मेंढरं आमच्या बाजूला पसरायला लागली तशी त्याने हाळी देऊन मागे ओढली. त्याला काही कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं.

मी गळ टाकून बसलो. शेंगापेंडीचा गोळा, रोहूसाठी. दोन तास दोरीवरच्या तरंगत्या बुचाने मान हलवली नाही. आणि पाण्यावर तर सगळीकडे तोंडंच तोंडं! कटला, रोहू, चिलापी (तिलापिया), सगळे वर येऊन आ वासून पुटुपुटु करत होते. मेव्हणा नाचायचाच बाकी होता. "दाजी, मासे स्वतःहून वर आलेत की ओ! गळ काय धरून बसलाय?" पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सरळ त्या सायीत शिरला आणि डोक्याच्या टॉवेलने मासे पकडायला लागला. अकरा चिलापी आणि एक अर्धमेला कटला. मी म्हटलं, "अरे बे, ते वर खेळायला नाही आलेत, त्यांचा जीव गुदमरतोय." तो म्हणाला, "तुम्हाला नाही मिळाले म्हणून म्हणताय."

हे वाक्य मी चार वर्षं ऐकतोय. भाऊबीजेला, बारशाला, एकदा तर मयताच्या तिसऱ्या दिवशी.

म्हणून आज लिहूनच टाकतो. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू पाण्यात सोडतं, हे शाळेतलं सगळ्यांना आठवतं. रात्री ते काम बंद असतं, पण श्वास घेणं चालूच असतं, शेवाळाचंही आणि माशांचंही. तळाला कुजत पडलेलं जुनं शेवाळही तोच प्राणवायू खातं. त्यामुळे सूर्य उगवायच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासा वर येतो कारण हवेला लागलेला पाण्याचा पातळ थर तेवढाच जरा बरा असतो. ज्याचा श्वास अडकलाय तो पेंडीचा गोळा खाईल का? तुम्हाला दमा लागला असताना कुणी पुरणपोळी पुढे केली तर खाल का? दोन तास माझा गळ कोरडा राहिला, त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. आभाळ भरून आलेला दिवस असेल, किंवा शेवाळ एकदम मरायला लागलं असेल, तर ती तोंडं दुपारपर्यंत पोटं वर करून तरंगतात. मरळ आणि मांगूर तेवढे तग धरतात, कारण त्यांना हवेतला श्वास घेता येतो.

नदी अशी का होते तेही विचारलंय तुम्ही. संडास-मोरीचं पाणी, साबणाचा फेस, उसाला घातलेल्या खतातलं वाहून आलेलं नत्र आणि स्फुरद, वरून सोलापूरचं ऊन, आणि बंधाऱ्यात न हलणारं पाणी. शेवाळाला अजून काय पाहिजे? पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी भीमेतून उजनीत येऊन साठतं. उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली तळाला राहणारं पाणी. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की जे उरतं ते काढ्यासारखं आटलेलं असतं. तेच पाणी भीमा-सीना जोडकालव्याने सीनेत येतं, आणि भीमा नदीने औज बंधाऱ्यापर्यंत येऊन आमच्या नळालाही. शिवाय आमच्या सोलापूरचे नाले सीनेकडेच उतरतात, त्यामुळे सगळं पुण्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

हिरवं दिसलं म्हणजे विषारीच असं नाही. पण कुठलं हिरवं आहे हे पाहायला हवं. पाण्यात काठी फिरवा. सुताच्या गुंत्यासारखं शेवाळ काठीला लोंबकळून वर आलं तर ते तंतूंचं, त्याचा फार त्रास नाही, गळ अडकतो एवढंच. काठी रंगात बुडवून काढल्यासारखी नुसती माखून आली, हाताला काहीच लागलं नाही, तर ते बहुधा नील-हरित शेवाळ. त्याच्या काही जातींमध्ये मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं. उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवून तर नाहीच. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माशाच्या यकृतात आणि आतड्यात ते जास्त साठतं, मांसात कमी. चिलापी तर हे शेवाळ चरूनच खाते, म्हणून हिरव्या पाण्यात तीच जास्त दिसते.

तर त्या दिवशी ते मासे घरी गेले. सासूबाईंनी रस्सा केला. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. सगळ्यांसमोर "दाजी रुसले" असं झालं. बायकोनेही माझ्याकडे असं बघितलं की घरी जाऊन काय होणार ते कळलं.

रस्सा खाऊन कुणाला काही झालं का? नाही झालं. खोटं कशाला सांगू. मातकट वास येत होता असं मेहुणी नंतर हळूच बोलली. मेव्हण्याच्या पायांना मात्र गुडघ्यापर्यंत, बरोबर जिथपर्यंत तो पाण्यात होता तिथपर्यंत, तीन दिवस खाज आणि लाल पुरळ होतं. तो म्हणतो डास चावले. डास काय टेप घेऊन बसतात का गुडघ्याला थांबायला?

एकदा खाऊन काही झालं नाही म्हणजे चालतं, हा हिशेब मला पटत नाही. मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा तर कधीच उचलू नये, मग पाणी कुठलंही असो. फारच मोह झाला तर पाणी निवळल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि आतडी, यकृत, गाभोळी, कातडी सगळं काढून टाका. कुत्रं सोबत नेऊ नका. ते सायीत लोळतं आणि मग अंग चाटतं.

तुमच्या चाऱ्याचं राहिलंच. शेंगापेंड आणि ज्वारीचं पीठ मळून वर चिमूटभर हिंग, रोहू-मृगळला हे चालतं. चिलापीला गांडुळाचा तुकडा, लहान गळ. पण पाणी हिरवं असताना चाऱ्यापेक्षा वेळ आणि जागा महत्त्वाची. पहाटे जाऊच नका. ऊन चढू द्या, दुपारी चारच्या सुमाराला बसा, तेव्हा पाण्यात प्राणवायू असतो आणि मासा खातो. बंधाऱ्याच्या वर नाही, खाली बसा, जिथे पाणी दगडांवर आपटून फेसाळतं. वारा ज्या काठावर साय ढकलतोय तो काठ सोडा. हात धुवायला घरचं पाणी न्या. आणि त्या पाण्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असेल तर आधी जाऊन विचारा, ते पोट भरायला बसलेत, आपण हौसेला.

हो, आणि एक सांगायला हवं. त्या दिवशी मी लावलेला गळ रोहूचा होता, मोठा. चिलापीच्या तोंडात तो मावलाच नसता. म्हणजे पाणी चांगलं असतं तरी त्या अकरांतली एकही मला लागली नसती. हे मेव्हण्याला माहीत नाही.

पुरावा म्हणून मी तिथलं पाणी एका बरणीत भरून आणलं होतं. रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी हिरवं तळाला बसलेलं दिसलं तर साधं शेवाळ, वर तरंगून थर झाला तर बहुधा नील-हरित. सकाळी पाहिलं तर वर अंगठ्याच्या नखाएवढा पोपटी थर, खाली पाणी नितळ. मेव्हण्याला फोन केला, ये बघायला. तो संध्याकाळी आला. तोपर्यंत बायकोने बरणी मोरीत उपडी करून, घासून, उन्हात वाळत घातली होती. शेंगाचटणीची बरणी होती ती.